गूगल वेव्ह : एका लाटेची हकिगत

एकाच कागदावर दोघांनी एकाच वेळी लिहिणे ही गोष्ट शाईच्या जगात अवघडच. हाताला हात अडतो. फळ्यावर दोघे लिहू लागले, तर निम्मा वेळ ‘सरक जरा’ म्हणण्यात जातो. संगणकाच्या पडद्याला ही अडचण नाही. दोन गावांत बसलेल्या दोघांनाही एकच पान समोर ठेवून लिहिता येते. १९६८ साली डग्लस एंजेलबार्ट यांनी सॅन फ्रान्सिस्को येथे अशा सहकार्याचे प्रात्यक्षिक करून दाखवले होते. तरीही ही सवय माणसांच्या अंगवळणी पडायला चाळीस वर्षांहून अधिक काळ लागला. या वाटेवरचा एक मोठा प्रयोग २००९ साली झाला आणि बघता बघता फसला. यंत्रशास्त्राशी माझा संबंध हातातल्या मोबाईलपुरता. पण या प्रयोगात यंत्राइतकीच माणसेही उघडी पडली, म्हणून कला शाखेच्या विद्यार्थिनीने त्यावर लिहायला हरकत नसावी.

लार्स आणि जेन्स रासमुसेन हे मूळचे डेन्मार्कचे दोघे भाऊ. ऑस्ट्रेलियातील सिडनी येथे त्यांनी आणखी दोघांसह काढलेली छोटी कंपनी गूगलने २००४ साली विकत घेतली आणि तिच्यातून गूगल मॅप्स उभे राहिले. त्यानंतर या बंधूंनी वेगळाच प्रश्न हाती घेतला. ई-मेल ही चाळीस वर्षांपूर्वीची कल्पना, टपालाच्या पत्रावर बेतलेली. मी लिहायचे, पाठवायचे. तुम्ही वाचून उत्तर द्यायचे. आज ती नव्याने शोधायची झाली तर तिचे रूप कसे असेल? त्यांचे उत्तर म्हणजे ‘गूगल वेव्ह’. यात पत्र कुठे जातच नाही. ते एका जागी राहते आणि माणसे त्याच्याभोवती जमतात. कोणीही मधेच उत्तर लिहावे, दुसऱ्याचे वाक्य दुरुस्त करावे, छायाचित्र जोडावे. उशिरा आलेल्याला झालेले सारे लेखन चित्रपटासारखे पुन्हा पहिल्यापासून पाहता यावे, अशीही सोय होती.

२८ मे २००९ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे याचे सुमारे ८० मिनिटांचे प्रात्यक्षिक झाले. मी तेव्हा बालवाडीतही गेले नव्हते. गेल्या वर्षी त्याची चित्रफीत पाहिली, तर टाळ्यांवर टाळ्या पडत होत्या. ३० सप्टेंबर २००९ पासून सुमारे एक लाख लोकांना निमंत्रणे धाडण्यात आली. निमंत्रण असेल त्यालाच प्रवेश. साहजिकच त्याला भाव चढला. लिलावाच्या संकेतस्थळावर लोक निमंत्रणे विकायला काढू लागले!

आत गेलेल्यांना काय दिसले? बहुतेकांना रिकामी खोली. ज्यांच्याबरोबर काम करायचे ते सहकारी बाहेरच राहिलेले. गूगलने २००४ साली जीमेलही असेच निमंत्रणाने सुरू केले होते आणि ते यशस्वी झाले. पण जीमेल मिळालेला माणूस जगातल्या कुठल्याही ई-मेलवाल्याला पत्र पाठवू शकत होता. वेव्हमधल्या माणसाला वेव्हमधलाच माणूस लागे. भजनी मंडळातल्या एकट्या टाळकऱ्यालाच मंडपात सोडायचे आणि पखवाजवाला, वीणेकरी यांना फाटकाशी थांबवायचे, असा हा प्रकार. माझ्या मते वेव्ह इथेच निम्मी बुडाली. निमंत्रणे एकेकट्याला न देता एखाद्या वर्गाला, कचेरीला, मंडळाला अशी घाऊक द्यायला हवी होती.

मग लोक करमणुकीखातर सर्वांना खुल्या असलेल्या लाटांमध्ये शिरू लागले. तिथे ही गर्दी! शेकडो उत्तरे झाली की पान जड होऊन सरकेनासे होई. आरंभी तर एकदा आत घेतलेल्या माणसाला बाहेर काढण्याची सोयच नव्हती. नवे काही लिहिले गेले हे कळायला पुन्हा तिथेच जाऊन डोकवावे लागे. कुठे पाहावे, काय वाचावे, कोणाला उत्तर द्यावे हे नव्याने आलेल्याला कळत नसे.

आणखी एक गोष्ट होती, आणि मला तिच्याविषयीच अधिक लिहावेसे वाटते. वेव्हमध्ये तुम्ही टंकलिखित केलेले अक्षर न् अक्षर त्याच क्षणी समोरच्याला दिसे. चुकलेला शब्द, खोडलेले वाक्य, मधेच थांबलेला हात, सगळे. वेळ वाचावा हा निर्मात्यांचा हेतू. वाक्य पुरे होण्याआधीच समोरचा उत्तर देऊ लागेल, ही कल्पना. कित्येकांना ते आवडले, कित्येकांना अंगावर आले.

ते अंगावर येणे मला चांगले समजते. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिली. वडिलांना अर्ज करायचा असला की ते तहसील कचेरीबाहेरच्या लिहिणाऱ्याकडे जातात. ते सांगतात, तो लिहितो. कागद पुरा झाला की अंगठा. लेखन म्हणजे पुरी झालेली, शिक्का मारण्याजोगी वस्तू, हेच आम्ही पाहिलेले. यंदा आम्हा चौघींचा प्रकल्प गूगल डॉक्समध्ये एकत्र लिहायचा ठरला. चौघींचे चार रंगांचे कर्सर पडद्यावर लुकलुकत. दोघी मैत्रिणी सराईतपणे लिहीत, पुसत, पुन्हा लिहीत. मी माझा भाग आधी वहीत उतरवून काढी आणि मग शांतपणे तिथे आणून ठेवी. इतरांना त्याचे हसू येई. पण प्रमाण भाषेतले वाक्य ज्याच्या घरात बोललेच जात नाही, त्याला ते जुळवायला एकांत लागतो. हा एकांत देणारी चोरखोली प्रत्येक साधनात असावी, असे माझे स्पष्ट मत आहे. वही आहे तोवर माझे अडत नाही, ही गोष्ट वेगळी.

आता यामागची करामत. समजा, माझ्या आणि मैत्रिणीच्या पडद्यावर ‘आई शेतात गेली’ हे वाक्य आहे. मी पहिल्या शब्दापुढे ‘सकाळी’ घातले. त्याच क्षणी तिने तिसरा शब्द पुसला, कारण तिला तिथे ‘राबते’ लिहायचे आहे. ‘तिसरा शब्द पुसा’ ही तिची आज्ञा माझ्याकडे पोचते, तोवर माझा तिसरा शब्द ‘शेतात’ झालेला असतो. ‘गेली’ राहते आणि ‘शेतात’ उडतो. तिच्याकडे एक वाक्य, माझ्याकडे दुसरेच! यावर उपाय असा, की आलेली आज्ञा जशीच्या तशी पाळायची नाही. मधल्या काळात आधी एक शब्द वाढला आहे हे पाहून ‘तिसरा’चा ‘चौथा’ करायचा आणि मग पुसायचे. प्रत्यक्षात हा हिशेब एकेका अक्षराचा असतो आणि तो सतत चालू असतो.

या रीतीचा पाया क्लॅरेन्स एलिस आणि सायमन गिब्ज यांनी १९८९ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात घातला. वेव्ह तिच्यावरच उभी होती आणि गूगल डॉक्सही तीच वापरते. यातल्या एलिस यांची कहाणी मला फार भावली. शिकागोच्या दक्षिण भागात, एकट्या आईच्या कष्टांवर वाढलेला हा कृष्णवर्णीय मुलगा. पंधराव्या वर्षी एका कंपनीत रात्रपाळीचा पहारेकरी झाला. काम एवढेच, की नव्या संगणकाची राखण करायची. त्याला हात लावायचा नाही. रात्र काढायची म्हणून त्याने शेजारी पडलेल्या माहितीपुस्तिका वाचून काढल्या. एकदा कंपनीत कोऱ्या छिद्रपत्रिका संपल्या आणि वापरलेल्याच पुन्हा कशा वापरायच्या, हे त्या पहारेकरी पोरालाच ठाऊक निघाले. पुढे १९६९ साली इलिनॉय विद्यापीठातून संगणकशास्त्रात पीएच.डी. मिळवणारे ते पहिले आफ्रिकन-अमेरिकन ठरले. २०१४ साली ते वारले. मोबाईलवर प्रकल्प लिहिताना आमच्या चौघींची वाक्ये एकमेकींवर आदळत नाहीत, त्याच्या मुळाशी त्यांचे काम आहे.

वेव्हचे पुढे फार काही झाले नाही. १९ मे २०१० रोजी दरवाजे सर्वांना खुले झाले, आणि अवघ्या अडीच महिन्यांत, ४ ऑगस्टला, अपेक्षेइतके लोक आले नाहीत असे सांगून गूगलने पुढचे काम थांबवले. परिषदांमधल्या व्याख्यानांची टिपणे एकत्र घेणाऱ्या छोट्या गटांना मात्र हळहळ वाटली; दहा-बारा जण, एक विषय, एक पान, एवढ्या आटोपशीर कामात ती उत्तम चालली होती. जानेवारी २०१२ अखेर वेव्हमधले लिखाण केवळ वाचण्यापुरते उरले. ज्याने त्याने आपापला मजकूर उतरवून घ्यावा, अशी सूचना देण्यात आली होती. ३० एप्रिल २०१२ रोजी सारे बंद झाले, आणि ज्यांनी उतरवून घेतला नव्हता त्यांचा मजकूर तिथेच गेला.