पत्रेकामाच्या पुढची पायरी : डाय

अकोल्याच्या डाळ मिलची चाळणी घ्या, की अमरावतीत उन्हाळ्याआधी तयार होणारी कूलरची बॉडी. पत्र्याला एकसारखी भोके पडतात ती पंच आणि डायमुळे. पत्रा कापणारे, वाकवणारे कारागीर वऱ्हाडात पुष्कळ. डाय घडवणारे त्या मानाने थोडेच आमच्या पाहण्यात आले. डाय खराब झाली की प्रेस बंद, मजूर बसून.

खरी मेख पंच आणि डाय यांच्यातील फटीत आहे. साध्या पोलादी पत्र्यासाठी ती प्रत्येक बाजूला जाडीच्या साधारण ५ ते १० टक्के ठेवतात. म्हणजे १ मिलिमीटर पत्र्याला ०.०५ ते ०.१ मिलिमीटर. कमी झाली तर पंच लवकर झिजतो. जास्त झाली तर भोकाच्या कडेला बर येते आणि गिऱ्हाईक माल परत करते.

उस्तादाच्या बोटांना हे कळते, मान्य. पण ड्रॉइंग वाचता येत नसेल तर मोठ्या कारखान्याचे काम हाती येणे कठीण. आयटीआयमध्ये टूल अँड डाय मेकरचा दोन वर्षांचा ट्रेड आहे. तो प्रत्येक आयटीआयत नसतो, आधी चौकशी करावी. छत्रपती संभाजीनगरच्या (पूर्वीचे औरंगाबाद) इंडो-जर्मन टूल रूममध्ये चार वर्षांचा डिप्लोमा आहे. दोन्हीकडे दहावी लागते. कूलरच्या सीझनला हात कमी पडतात म्हणून नववीतल्या मुलाला दुकानावर बसवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. आयटीआयचे प्रवेश दहावीच्या निकालाच्या सुमारास सुरू होतात. शाळा सोडल्याचा दाखला काढून ठेवावा.