हिवाळ्यात पोसाल तेवढ्याच गाई

स्वित्झर्लंडमध्ये मॅटरहॉर्न शिखर पाहायला झरमॅटला जाणारी आपली मंडळी फिस्प नावाच्या स्टेशनावर छोट्या गाडीत बसतात. थोड्याच वेळात श्टाल्डन येतं. झरमॅटकडून आणि सासकडून धावत येणाऱ्या दोन नद्यांचा इथे संगम आहे. डब्यातल्या सगळ्यांच्या नजरा पुढच्या बर्फाळ शिखरावर असतात. उजव्या हाताला, नदीपासून सुमारे सातशे मीटर वर, उन्हाने काळवंडलेल्या लाकडी घरांचं एक गाव डोंगराला धरून बसलेलं आहे, त्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. गावाचं नाव टॉर्बेल; तिथल्या बोलीत टेर्बिल. जेमतेम पाचशे वस्तीच्या या गावाने गवताचा असा हिशोब मांडला, की त्याची दखल विसाव्या शतकात अर्थशास्त्राला घ्यावी लागली.

आल्प्स म्हटलं की हिरवंगार, ओलंचिंब चित्र डोळ्यांपुढे येतं. टॉर्बेल मात्र कोरड्या मुलखात आहे. वालिस प्रांतातल्या या खोऱ्याच्या उत्तरेला बर्नीज आल्प्स आणि दक्षिणेला पेनाइन आल्प्स अशा चार-चार हजार मीटर उंचीच्या शिखरांच्या रांगा आहेत. ढग कुठूनही आले तरी बाहेरच्या उतारांवर रिते होतात आणि आत पोचेस्तोवर त्यांच्यात फारसं काही उरत नाही. सह्याद्री ओलांडल्यावर माण-खटावची जी गत होते तीच इथली. फक्त भिंती दोन्ही बाजूंना. खोऱ्याच्या तळाशी वर्षाकाठी 600 मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि बर्फ मिळून पडतो. आकाश मोकळं, उतार उन्हाकडे तोंड करून, त्यामुळे 1,500 मीटर उंचीवरही राय हे धान्य पिकायचं आणि खाली नदीकडे द्राक्षंही. पण तेच ऊन गवत जाळतं, आणि गवत गेलं की गाय गेली.

म्हणून पाट काढले. वरच्या बर्फाचं वितळलेलं पाणी डोंगराच्या अंगाने, हळूहळू ढाळ देत, कुठे खडक फोडून तर कुठे कड्याला लाकडी पन्हळी टांगून गावाच्या कुरणांपर्यंत आणलं. इथली माणसं या पाटांना सुओने म्हणतात. पाणी पाळीने मिळे, आणि पाळीची नोंद कागदावर नव्हे, लाकडावर असे. प्रत्येक कुटुंबाची एक खूण ठरलेली. ती लाकडी पट्टीवर कोरायची आणि शेजारी किती वेळ पाणी, त्याच्या खाचा पाडायच्या. या पट्टीला टेसेल म्हणत. ज्याला अक्षर येत नाही त्यालाही बोट फिरवून आपला हक्क वाचता येई. आपल्याकडे पांझरा आणि मोसम नद्यांवरच्या फड पद्धतीत पाटकरी आणि जागले पाणी राखत. हजारो कोस दूरच्या शेतकऱ्यांना तीच अडचण पडली आणि दोघांनीही ती गावातच सोडवली, हे मला फार मोलाचं वाटतं.

टॉर्बेलची जमीन आडवी नाही, उभी आहे. खाली द्राक्षं, मग रायची शेतं, गावाभोवती कोबी-बटाट्याचे वाफे, वर गवताची कुरणं, त्यावर लार्च वृक्षांची रानं आणि सगळ्यात वर, दोन हजार मीटरच्या पुढे, उन्हाळी चराई. स्थानिक भाषेत ‘आल्प’ म्हणजे हीच चराई; शिखर नव्हे. वारसाहक्कात मुलगे आणि मुली सगळ्यांना सारखा वाटा, त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या वाटण्या होऊन एकेका घराच्या वाट्याला उतारभर विखुरलेले चिमुकले तुकडे आले. घरंसुद्धा मजल्यामजल्याने वाटली जात. कागदावर हा वेडेपणा दिसतो. पण खालचं गवत आधी तयार होतं, वरचं नंतर. तुकडे विखुरलेले असतील तर घरातली चार माणसं विळे घेऊन हळूहळू वर सरकत सगळं कापू शकतात. एका ठिकाणी गारपीट झाली तरी दुसरीकडचं वाचतं. तीव्र उताराच्या शेतातली माती दरवर्षी खाली घसरे. ती खालच्या कडेची माती पाठीवरच्या टोपल्यांतून पुन्हा वर नेऊन टाकायची. शेणखतही असंच पाठीवरून जाई.

या गावाचे जमिनीविषयीचे लेख 1224 पासूनचे आहेत. 1 फेब्रुवारी 1483 रोजी गावकऱ्यांनी आल्प, जंगल आणि पडीक जमीन यांच्या वापरासाठी रीतसर संघटना उभारली. आणि 1517 मध्ये एक नियम लिहून ठेवला: ज्याला हिवाळ्यात जितक्या गाई पोसता येतात, त्याहून जास्त गाई त्याने उन्हाळ्यात सामाईक चराईवर पाठवू नयेत.

या एका वाक्यात केवढं शास्त्र आहे, ते नीट पाहू. इथला हिवाळा गाईसाठी सहा-सात महिन्यांचा. एवढे दिवस ती गोठ्यात, दावणीला. दिवसाला दहा-बारा किलो वाळलेलं गवत धरलं, तर एका गाईला दोन-अडीच टन चारा साठवावा लागतो. तो विकत आणायची सोय नव्हती. स्वतःच्या कुरणात विळ्याने कापायचा, उन्हात वाळवायचा, पाठीवर वाहून गंजीत रचायचा. म्हणजे तुमच्या गाई किती, हे तुमची गंजी सांगणार. आता हा नियम नसता तर काय झालं असतं? एखाद्याने वसंतात खोऱ्यातून दहा गाई स्वस्तात घेतल्या असत्या, गावाच्या गवतावर फुकट पोसल्या असत्या आणि शरदात विकून टाकल्या असत्या. नफा त्याचा, झीज सगळ्यांची. 1517 च्या नियमाने नेमकी हीच वाट बंद केली.

नियमात आकडा नाही, हे मला त्यातलं सर्वांत शहाणपणाचं वाटतं. शंभर किंवा दोनशे गाई असं लिहिलं असतं तर दुष्काळाच्या साली तो आकडा जास्त ठरला असता. इथे गवत कमी आलं की हिवाळ्यात गाई कमी राहणार, आणि गाई कमी राहिल्या की पुढच्या उन्हाळ्यात चराईवरचा भार आपोआप उतरणार. गोठ्यातलं शेण पुन्हा त्याच कुरणात जातं, म्हणून कुरण किती गाई पोसेल यालाही मर्यादा आहे. मोजमापाची कोणतीही साधनं नसताना डोंगराने दिलेलं उत्तर गावाने वाचलं.

वाचलं आणि राबवलंही. वर पोचलेल्या गाई लगेच मोजल्या जात. उल्लंघन करणाऱ्याला दंड करण्याचा अधिकार गेवाल्टहाबर नावाच्या गावकामगाराला होता आणि दंडातला अर्धा हिस्सा त्यालाच मिळे; म्हणून डोळेझाक करण्यात त्याचा काही फायदा नव्हता. हिमस्खलनाने मोडलेले गोठे उभे करायचं, वाटा दुरुस्त करायचं काम गाईंच्या प्रमाणात वाटलेलं. चीजही त्याच प्रमाणात घरी येई. जळाऊ लाकडासाठी तोडायची झाडं आधी खुणा करून ठरवत. मग हक्कदार घरांच्या टोळ्या मिळून ती तोडत, सारखे ढीग रचत आणि शेवटी चिठ्ठ्या टाकत. कुठला ढीग आपला येणार हे माहीत नसल्यावर ढीग लहानमोठे कोण करील!

1968 मध्ये गॅरेट हार्डिन या जीवशास्त्रज्ञाने ‘सायन्स’ नियतकालिकात एक निबंध लिहिला. सामाईक कुरणावर प्रत्येक गुराखी स्वतःच्या फायद्यासाठी एकेक जनावर वाढवत जातो आणि शेवटी कुरण नासतं, असा त्याचा युक्तिवाद होता. सरकारी ताबा किंवा खासगी मालकी, हेच उपाय अशी त्यावरून जगभर समजूत झाली. दोनच वर्षांनी रॉबर्ट नेटिंग हे अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ टॉर्बेलला आले आणि चर्चच्या नोंदवह्या, जमिनीचे लेख, गोठे आणि गवत यांच्यात रमले. 1981 मध्ये त्यांचं ‘बॅलन्सिंग ऑन ॲन आल्प’ हे पुस्तक आलं. टॉर्बेलच्या शेतकऱ्याला खासगी मालकी चांगलीच ठाऊक होती, हे त्यांनी दाखवून दिलं. रायचं शेत, भाजीचा वाफा, गवताचं कुरण हे सगळं खासगीच होतं. आल्प आणि जंगल मात्र शतकानुशतकं जाणूनबुजून सामाईक ठेवलेलं. जिथे एकरी उत्पन्न थोडं, गवत कधी या बाजूला चांगलं तर कधी त्या बाजूला, आणि कुंपण घालून सुधारणा करण्यात अर्थ नाही, तिथे वाटणी करणं तोट्याचंच. जिथे घामाने माती सुधारते, तिथे मालकी. एलिनॉर ऑस्ट्रम यांनी 1990 च्या आपल्या ग्रंथात सामाईक संपत्ती टिकवणाऱ्या समाजांची जी उदाहरणं घेतली, त्यांत टॉर्बेल आघाडीवर होतं. 2009 मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या.

या व्यवस्थेची कठोर बाजूही सांगितली पाहिजे. 1483 च्या कलमांनुसार बाहेरच्या माणसाने गावात जमीन विकत घेतली तरी चराईचा किंवा लाकडाचा हक्क त्याला मिळत नसे. माणसांची संख्या आवाक्यात राही ती उशिरा होणाऱ्या लग्नांमुळे, अनेकांनी अविवाहित राहिल्यामुळे आणि गाव सोडून गेल्यामुळे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात बटाटा आला आणि त्यानंतर लोकसंख्या वाढू लागली. कुणाच्या तरी वाट्याचं आयुष्य अपुरं राहून हा समतोल साधला होता. आणि बायका? मुलींना जमिनीत सारखा वाटा होता, मताचा हक्क मात्र नव्हता. गावावरची मोसआल्प ओलांडून पलीकडच्या उतारावर गेलं की उंटरबेख नावाचं गाव लागतं. 3 मार्च 1957 रोजी तिथल्या गावसभेच्या पाठिंब्याने 33 स्त्रियांनी मतदान केलं, देशात पहिल्यांदा. त्यांची मतं वेगळ्या पेटीत टाकली गेली आणि मोजली गेली नाहीत. देशपातळीवरचा हक्क मिळायला 1971 साल उजाडलं.

तोवर टॉर्बेलचे पुरुष खाली फिस्पच्या रसायन कारखान्यात कामाला जाऊ लागले होते आणि पाळी संपवून आल्यावर गवत कापत होते. पुढे रायची शेतं जवळजवळ संपली. कणग्यांसारखी लाकडी कोठारं, ज्यांना श्टाडेल म्हणतात, अजून उभी आहेत. कोठाराच्या प्रत्येक खांबावर ताटाएवढी, गोल, सपाट शिळा आहे. खांब चढून आलेला उंदीर शिळेच्या खालच्या बाजूने उलटा लटकून कडेपर्यंत जाऊ शकत नाही, म्हणून ती घातलेली.

2023 मध्ये युनेस्कोने पाटाच्या पारंपरिक सिंचनाला आणि स्वित्झर्लंडच्या उन्हाळी चराईला सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. वालिसच्या उतारांवर मात्र आज अडचण 1517 च्या उलट आहे. गाई कमी, कापणारे हात त्याहून कमी. जे कुरण कापलं जात नाही त्यात झुडपं येतात, मग लार्च उभे राहतात, आणि उन्हात फुलणारी कोरड्या कुरणातली फुलं सावलीत नाहीशी होतात. म्हणून उतारावरचं गवत कापणाऱ्या शेतकऱ्याला स्विस सरकार पैसे देतं. उतार जितका तीव्र, तितका हेक्टरी दर जास्त.