नकाशा तोच, खेळ नवा

एखाद्या गाजलेल्या व्हिडिओ गेमचा दुसरा भाग आला की आमच्या घरी एक प्रश्न हमखास उठतो: "नकाशा तर जुनाच आहे, मग पुन्हा चार-पाच हजार कशाला घालायचे?" प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर मात्र असं, की जुना नकाशा ही काही खोट नव्हे. त्यात नवं काय घातलंय ते बघायचं.

मोठ्यांसाठी थोडक्यात सांगतो. ओपन वर्ल्ड गेममध्ये ठरलेल्या वाटेनेच जायची सक्ती नसते. अख्खं शहर किंवा अख्खा प्रदेश मोकळा असतो, हवं तिथे भटका. असं जग उभारायला शेकडो माणसांची कित्येक वर्षं जातात. दुसऱ्या भागात तेच जग वापरलं की ते श्रम वाचतात. वाचलेले श्रम कुठे लावले, यावर त्या भागाची किंमत ठरते. जुन्याच गल्ल्यांत तीच कामं नव्या नावाने दिली, तर ती नुसती रंगरंगोटी.

श्रम सत्कारणी लावल्याचं माझं आवडतं उदाहरण म्हणजे निन्टेन्डोचा 'झेल्डा'. 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड' 2017 साली आला आणि त्याचा पुढचा भाग 'टियर्स ऑफ द किंगडम' 2023 साली. हायरूलचा प्रदेश दोन्हींत तोच. पण दुसऱ्या भागात वर आकाशात तरंगती बेटं आली, खाली काळोखं पाताळ आलं आणि डोंगरांच्या पोटात गुहा आल्या. शिवाय वस्तू एकमेकींना चिकटवून गाडी, होडी, विमान बनवायची सोय झाली. पहिल्या भागात जी नदी पोहून ओलांडताना दम लागायचा, तिथे आता आपण फळ्या जोडून तराफा करतो. नदी तीच, पण आता तिच्याकडे बघून वेगळं काहीतरी सुचतं.

आणि त्या जगाला मधला काळ आठवतो. लुरलिन नावाचं कोळ्यांचं शांत गाव दुसऱ्या भागात चाच्यांनी उद्ध्वस्त केलेलं दिसतं. त्यांना हुसकावून, लाकूड आणि तांदूळ गोळा करून ते पुन्हा वसवावं लागतं. पहिल्या भागात तिथे फिरलेल्याला ती पडकी घरं बघून जे वाटतं, ते नव्या गावाबद्दल वाटलंच नसतं. ओळखीच्या जागेची ही ताकद आहे.

काही जण माणूस बदलतात. 2018 च्या 'स्पायडरमॅन'मध्ये आपण पीटर पार्कर असतो. 2020 च्या 'माइल्स मोरालेस'मध्ये मॅनहॅटन तेच, पण बर्फाने झाकलेलं. आणि आता आपण असतो हार्लेममध्ये राहणारा माइल्स. सेगाच्या 'याकुझा' मालिकेने तर काळच मागे नेला. 2005 च्या पहिल्या गेममध्ये कामुरोचो वस्तीत मिलेनियम टॉवर दिमाखात उभा आहे. 2015 चा 'याकुझा 0' आपल्याला 1988 मध्ये नेतो. तिथे टॉवर नाही, एक चिमुकली रिकामी जागा आहे आणि तिच्या मालकीसाठी सगळे एकमेकांच्या जिवावर उठलेत. जमिनीचे भाव ठाऊक असलेल्या सुरतकरांना हे वेगळं समजावून सांगायला नको!

यावरून मला नेहमी वाटतं, की दोन भागांचा सर्वांत चांगला गेम आपल्या सुरतेवरच होईल. छत्रपती शिवाजी महाराज इथे दोनदा आले, जानेवारी 1664 आणि ऑक्टोबर 1670 मध्ये. पहिल्या भागात तुम्ही मराठ्यांच्या फौजेतला स्वार. बुऱ्हाणपूर दरवाजाबाहेर तळ पडलाय, तापीकाठचा किल्ला मुघलांच्या हातात आहे, इंग्रज आपली वखार धरून बसलेत.

दुसऱ्या भागात नकाशा तोच ठेवा. तीच तापी, तोच किल्ला, तीच मुघलसराई. पण आता तुम्ही व्हा सुरतेच्या पेढीवरचा सोळा वर्षांचा मुलगा, ज्याने दहाव्या वर्षी पहिली स्वारी पाहिली आहे. मधल्या काळात औरंगजेबाने विटांचा तट बांधायचा हुकूम दिलाय. "मराठे आले" अशी आवई उठताच कोणती गल्ली रिकामी होते, हे त्या मुलाला पक्कं ठाऊक आहे.

आपल्या मुलांना ही गोष्ट घरी एका बाजूने ऐकायला मिळते, तर वर्गातल्या गुजराती मित्राच्या घरी दुसऱ्या बाजूने. सुरतेत वाढणाऱ्या मराठी मुलाला दोन्ही बाजू कळायला हव्यात, असं मला वाटतं. एकाच नकाशावर दोनदा चालायला लावणारा गेम हे काम भाषणापेक्षा बरं करील.

मंडळातली बरीच मुलं कोडिंग शिकतात. त्यांनी या सुट्टीत वही-पेन्सिल घेऊन चौक बाजारच्या किल्ल्यापासून सुरुवात करावी. नकाशा एकदाच काढावा लागेल.