गळू वर, आजार खाली

बसताना दुखतं, शौचाच्या जागेशेजारी ठसठसतं, पण सांगायचं कुणाला? मग मेडिकलमधून मलम येतं, पेनकिलर होतात आणि सगळं खापर मूळव्याधीवर फुटतं. बहुतेकांचं गळू चिरा देऊन पू काढला की सुटतं. क्वचित कुणाचं, विशेषतः शुगर वाढलेल्यांचं, भलत्याच वाटेला लागतं. डॉक्टर त्याला 'फोर्नियर गँग्रीन' म्हणतात.

हे नाव पॅरिसच्या जाँ आल्फ्रेद फूर्निए यांचं. १८८३ साली त्यांनी पाच तरुणांची हकिगत मांडली. धडधाकट पोरं, जननेंद्रियांची कातडी अचानक सडू लागलेली आणि कारण काही सापडेना. आज ते बहुधा सापडतं. पुष्कळदा गुदद्वाराजवळच्या गळवात, नाहीतर मूत्रमार्गात किंवा कातडीच्या जखमेत.

आतड्यात ई. कोलाय, बॅक्टेरॉइड्स वगैरे जंतू एरवी मुकाट नांदतात. ते बाहेरच्या मऊ ऊतींत उतरले की त्यांची युती जुळते. काही जंतू तिथला ऑक्सिजन संपवतात आणि ज्यांना ऑक्सिजन सोसत नाही त्यांना मोकळं रान मिळतं. कातडीखालच्या फॅशिया या पातळ पडद्याला रक्तपुरवठा तुटपुंजा. संसर्ग त्याच्याच कडेने पसरत जांघेत आणि पोटावर चढतो. बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या होतात, वरची कातडी मरते. म्हणून सुरुवातीला दिसतं थोडं आणि दुखतं अतोनात. पुढे नसाही मेल्या की भाग बधिर होतो. 'आता दुखायचं थांबलं' हे इथे अजिबात चांगलं लक्षण नव्हे. नवल म्हणजे वृषण बहुधा वाचतात, कारण त्यांच्या धमन्या थेट पोटातल्या महाधमनीतून येतात.

सीटी स्कॅनची मदत होते, पण दाट संशय असेल तर सर्जन त्यासाठी खोळंबत नाहीत. छोटा छेद घेऊन बोट आत घालतात. निरोगी पडदा घट्ट चिकटलेला असतो. सडलेला बोटाच्या दाबानेच सुटत जातो, रक्तही फारसं येत नाही. पुवाऐवजी भांडी विसळल्यावर उरतं तसं राखाडी, घाणेरड्या वासाचं पाणी येतं. मग मेलेलं सगळं कापून काढायचं, अँटिबायोटिक्स शिरेतून चालू, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा थिएटरमध्ये नेऊन पाहायचं. जखमेवर मळ येऊ नये म्हणून कधी पोटावर शौचाची तात्पुरती वाट काढतात. इतकं करूनही अनेक रुग्णालयांच्या नोंदींत मृत्यूचं प्रमाण २० ते ४० टक्के आहे.

आतड्यातली गळती दरवेळी जवळच फुटते असंही नाही. फुटलेल्या अपेंडिक्सचा पू सोअस स्नायूच्या कडेने मांडीत उतरू शकतो. रुग्ण मांडी दुखते म्हणून येतो, पोटाची तक्रार करतही नाही. आणि मार न लागता सडलेल्या स्नायूत क्लॉस्ट्रिडियम सेप्टिकम हा जंतू सापडला, तर रुग्ण सावरल्यावर कोलोनोस्कोपी सांगतात. या जंतूने रक्तात शिरायला वापरलेली फट अनेकदा मोठ्या आतड्यातल्या कॅन्सरच्या गाठीची असते.