आडव्या पावसातील सायकल

नाशिक शहर सह्याद्रीच्या पूर्वेकडील पठारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर वसलेले असून, तेथे वर्षाकाठी सरासरी सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. शहराच्या पश्चिमेला २८ किलोमीटरवर असलेल्या त्र्यंबकेश्वरी हाच आकडा २,००० मिलिमीटरच्या पुढे आणि घाटमाथ्यावरील इगतपुरीत ३,००० मिलिमीटरच्या घरात जातो, तर पूर्वेला निफाड आणि सिन्नरकडे तो ५००-६०० मिलिमीटरवर येतो. अरबी समुद्रावरून येणारे ढग घाट चढताना बरेचसे रिते होतात आणि पलीकडच्या मुलखाला उरलेसुरले मिळते. अशा मुलखाला भूगोलात पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतात. सायकलींसाठी जगभर ओळखल्या जाणाऱ्या ॲमस्टरडॅम शहरात वर्षभरात ८०० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि तरीही नेदरलँड्समध्ये लोकांच्या एकूण फेऱ्यांपैकी सुमारे चौथा हिस्सा सायकलीवरून होतो. फरक इतकाच, की तेथला पाऊस बारा महिन्यांत वाटला जातो आणि नाशिकचा जवळजवळ सगळा पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येतो. त्यामुळे पाऊस आहे म्हणून सायकलीने कामावर जाता येत नाही, हे सर्रास केले जाणारे विधान जरा तपासून पाहण्याजोगे आहे.

नाशिकचा कामगारवर्ग एकेकाळी सायकलीवरच चालत असे. नाशिकरोडला १९२५ साली भारत प्रतिभूती मुद्रणालय आणि १९२८ साली चलनी नोटांचा छापखाना सुरू झाला. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाल्यावर सातपूरची आणि पुढे अंबडची औद्योगिक वसाहत वाढली. १९६४ साली ओझरला मिग विमानांचा कारखाना आला. पाळीच्या वेळेला पाऊस असो वा थंडी, हजेरी चुकवता येत नसे, त्यामुळे खराब हवेत सायकल चालवणे हा त्या पिढ्यांना पराक्रम वाटत नव्हता आणि छंदही वाटत नव्हता. तो पगाराचा भाग होता. पालिकेचा बिल्ला आणि रात्री दिवा या दोन गोष्टी सायकलीवर नसल्या तर दंड भरावा लागण्याचा तो काळ होता, आणि टायरला घासून फिरणारा बाटलीच्या आकाराचा डायनमो नेमका ओल्या टायरवर घसरत असल्याने दिवा पावसातच दगा देत असे.

सायकलस्वाराला पाऊस वरून लागत नाही, समोरून लागतो, आणि यामागे साधे गणित आहे. दोन मिलिमीटर व्यासाचा थेंब जमिनीजवळ सेकंदाला सुमारे साडेसहा मीटर वेगाने खाली येत असतो, तर ताशी १५ किलोमीटर वेगाने जाणारा स्वार सेकंदाला चार मीटरांहून थोडा अधिक पुढे सरकत असतो. या दोन वेगांचा मेळ घातला की वारा अजिबात नसतानाही थेंब स्वाराला उभ्या रेषेपासून सुमारे ३३ अंश कललेला लागतो, आणि समोरून ताशी १५ किलोमीटरचा वारा असल्यास हा कल ५० अंशांच्या पुढे जातो. छत्री धरून सायकल चालवणाऱ्याचे डोके कोरडे राहते आणि मांड्या चिंब होतात, त्याचे कारण हेच. वाऱ्याचा विरोध तर स्वार आणि हवा यांच्यातील परस्परवेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे ताशी १५ च्या वेगाला समोरून ताशी १५ चा वारा मिळाला की विरोध दुप्पट न होता चौपट होतो.

पावसाळ्यात नाशिकला वारा मुख्यतः पश्चिमेकडून वाहतो आणि सातपूर शहराच्या पश्चिमेला आहे, त्यातही त्र्यंबक रस्ता त्या दिशेला हळूहळू चढत जातो. याचा अर्थ असा, की सातपूरच्या पहिल्या पाळीचा कामगार सकाळी वारा आणि चढ दोन्ही अंगावर घेऊन निघतो आणि परतताना वाऱ्याने ढकलला जाऊन घरी येतो. ओझरला, म्हणजे ईशान्येला, जाणाऱ्याचे उलट असते: सकाळची रपेट सुखाची आणि दमलेल्या संध्याकाळी वारा तोंडावर. नोकरी कोणत्या दिशेला आहे यावर पावसाळ्यातील सायकलीचे सुखदुःख इतके अवलंबून असते, याची नोंद शहराच्या वाहतूक आराखड्यांत सहसा आढळत नाही.

अंगावर काय घालावे, हा प्रश्न दिसतो त्याहून अवघड आहे. पायडल मारताना स्नायू जेवढी शक्ती खर्चतात तिचा जेमतेम पाव हिस्सा चाकापर्यंत पोहोचतो आणि बाकीची उष्णता होऊन शरीरातच राहते. रबरी किंवा प्लॅस्टिकचा बंद रेनकोट पाणी बाहेर ठेवतो तसा घामही आत ठेवतो, म्हणून अर्ध्या तासाच्या रपेटीनंतर रेनकोट घातलेला माणूस बहुधा आतून ओला झालेला असतो. डोक्यातून घालून हँडलवर पसरायचा, खालून मोकळा असलेला पोंचो यावर बरा उतारा आहे, कारण खालून हवा खेळती राहते. मात्र बाजूने वारा आला की तो शिडासारखा फुगतो आणि स्वाराला रस्त्याच्या मधोमध ढकलू पाहतो. इगतपुरी-त्र्यंबकच्या पट्ट्यात भातलावणी करणारे लोक डोक्यापासून पाठीपर्यंत जे इरले घेत, त्या बांबूच्या कामट्या आणि पानांच्या आच्छादनाचे तत्त्वही हेच होते: पाठ झाकायची, पोट उघडे ठेवायचे आणि अंगाची वाफ जाऊ द्यायची. या सगळ्यांहून स्वस्त उपाय म्हणजे कोरड्या कपड्यांचा एक जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून नेणे. पण त्यासाठी कामाच्या ठिकाणी कपडे बदलायला जागा आणि ओले कपडे वाळत घालायला दोरी लागते.

सायकलीच्या रचनेत गेल्या काही दशकांत जो बदल झाला, तो पावसाच्या दृष्टीने बहुतांशी उलट्या दिशेचा आहे. जुनी काळी २८ इंची सायकल मूळची इंग्लंडच्या भिजक्या हवेत घडली होती, आणि हिंद, सेन-रॅले, अॅटलस, हीरो अशा कारखान्यांनी ती भारतात जवळजवळ तशीच बनवली. दोन्ही चाकांवर पूर्ण लांबीचे मडगार्ड, साखळीवर पत्र्याचे चेनकव्हर, मागे कॅरियर आणि सरळ बसता येईल असे हँडल यांमुळे ती जड होती, पण रस्त्याचे पाणी स्वाराच्या अंगावर किंवा साखळीवर येऊ देत नसे. ओल्या रस्त्यावर फिरणारे चाक पाणी उचलून फेकत असते, त्यामुळे पाऊस थांबल्यानंतरही मडगार्ड नसलेल्या सायकलीचा स्वार खालून भिजत राहतो आणि त्याच्या पाठीवर चिखलाची उभी रेघ उमटते. आज दुकानांत मांडलेल्या गिअरच्या सायकली डोंगरी शर्यतींच्या सायकलींचे रूप घेऊन येतात. त्यांना मडगार्ड नसते, असलेच तर ते वेगळे पैसे मोजून बसवावे लागते. रोज कामावर जाणाऱ्या माणसाला शर्यतीची सायकल विकून मग पावसाळ्यात सायकल चालवणे त्रासाचे आहे असे म्हणणे, हा उफराटा न्याय आहे.

ब्रेकच्या बाबतीत मात्र जुनी सायकल कमी पडते, हे मान्य केले पाहिजे. तिचे रॉड ब्रेक चाकाच्या पोलादी, चकचकीत रिमवर रबर दाबून चालत, आणि ओल्या पोलादावर रबराची पकड कित्येक पटींनी घटते. ॲल्युमिनियमच्या रिमवर ही घट कमी असते, पण तेथेही ब्रेक दाबल्यावर पहिले काही फेरे रिमवरचे पाणी पुसण्यात जातात आणि मग पकड एकदम येते. म्हणून ओल्यात चौक येण्याच्या बरेच आधी ब्रेक हलके दाबून रिम पुसून घ्यावी, मग वेग कमी करावा, हा जुन्या स्वारांचा रिवाज शास्त्राला धरून होता. हिशेबच मांडायचा तर, ताशी २० किलोमीटर वेगाने जाणारा स्वार चांगल्या ब्रेकने कोरड्या रस्त्यावर सुमारे तीन मीटरांत थांबू शकतो. ब्रेकची पकड निम्मी झाली की तेच अंतर सहा मीटर होते, आणि धोका दिसल्यापासून हात ब्रेकवर जाईपर्यंतच्या एका सेकंदात तो आणखी साडेपाच मीटर पुढे गेलेला असतो. चाकाच्या मध्याशी बसवलेले डिस्क ब्रेक रस्त्याच्या पाण्यापासून दूर असल्याने पावसात अधिक भरवशाचे ठरतात.

टायरवरील नक्षीविषयी एक गैरसमज दूर करायला हवा. मोटारीचे रुंद टायर साचलेल्या पाण्यावर वेगात गेल्यास पाण्याच्या थरावर तरंगू लागतात आणि पकड सोडतात, म्हणून त्यांना पाणी बाहेर टाकणाऱ्या खाचा लागतात. सायकलीचा टायर अरुंद आणि त्यातील हवेचा दाब मोटारीच्या टायरपेक्षा जास्त असल्याने तो तसा तरंगण्यासाठी वेग ताशी १०० किलोमीटरच्याही वर जावा लागेल. डांबरी रस्त्यावर सायकल घसरते ती टायर गुळगुळीत म्हणून नव्हे, तर रस्त्यावर काहीतरी निसरडे असते म्हणून: लोखंडी झाकणे, झेब्रा पट्ट्यांचा रंग, ओला पालापाचोळा. सर्वांत घातक असतो तो वळवाचा पहिला पाऊस, कारण उन्हाळाभर साठलेले तेल, धूळ आणि टायरांचे घासलेले रबर यांचा त्यात लेप तयार होतो; पुढच्या एक-दोन जोरदार सरींत तो वाहून जातो आणि रस्ता पुन्हा बराचसा विश्वासू होतो. शहराच्या कडेला, जेथे शेते आणि नवी बांधकामे रस्त्याला भिडतात, तेथे काळ्या मातीची भर पडते. बेसॉल्ट खडक झिजून झालेली ही माती पाणी पिऊन फुगते आणि ट्रॅक्टर व डंपरच्या चाकांना चिकटून डांबरावर येते, आणि एकदा ती मडगार्ड व टायर यांच्या फटीत भरली की चाक फिरेनासे होते. येथे मडगार्डची बाजू घेणाऱ्यालाही काडी शोधून चिखल उकरावा लागतो.

एवढे सगळे पाहूनही सायकलस्वाराची खरी अडचण आभाळात सापडत नाही, ती रस्त्याच्या कडेला सापडते. पाणी वाहून जावे म्हणून रस्ता मध्यभागी उंच आणि दोन्ही कडांना उतरता ठेवतात; डांबरी रस्त्याला हा उतार मीटरमागे सुमारे दोन ते अडीच सेंटिमीटर असतो. म्हणजे पाणी मुद्दाम कडेला आणले जाते, आणि वाहतुकीच्या रीतीने सायकलही कडेलाच ढकलली जाते. पावसाळी गटाराची जाळी कचऱ्याने बुजलेली असली, किंवा रस्त्यावर थरावर थर चढल्याने जाळी खड्ड्यात गेलेली असली, की मधल्या मोटारी ओलसर रस्त्यावरून जातात आणि सायकल घोटाभर पाण्यातून. त्या पाण्याखाली खड्डा आहे, तुटलेली कड आहे की जाळीच्या लांबट फटी चाकाच्या दिशेलाच आहेत, हे दिसत नाही. शिवाय ओल्या टायरमध्ये काच आणि बाभळीचा काटा सहज शिरतो, कारण पाणी तेथे वंगणाचे काम करते, आणि हे सगळे वाहून कडेलाच जमते. ओल्या ट्यूबला सोल्युशन चिकटत नाही, हा त्यावरचा कळस. स्मार्ट सिटी योजनेत अशोक स्तंभ ते त्र्यंबक नाका हा १.१ किलोमीटरचा रस्ता सायकल मार्गासह बांधला गेला, ही गोष्ट चांगलीच आहे. पण त्र्यंबक नाक्यापासून सातपूरच्या कारखान्यांपर्यंतचे अंतर त्याच्या कित्येक पट आहे आणि पाळीचा कामगार तेथे जातो. सायकल मार्गाची परीक्षा उद्‌घाटनाच्या दिवशी होत नसते, जुलैच्या मध्यावर संध्याकाळी सहा वाजता होते.

फिनलंडमधील ओउलू शहर आर्क्टिक वृत्तापासून फार दूर नाही, तेथील हिवाळा शून्याखालचा असतो, तरी लोक बर्फात सायकलीने कामावर आणि मुले शाळेत जातात, कारण बर्फ साफ करताना सायकल मार्गांना अग्रक्रम दिला जातो. हिवाळी सायकलिंगची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद २०१३ साली तेथेच भरली होती. नाशिकची सायकलीतील कीर्ती मात्र वेगळ्या वाटेने वाढली. डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ साली अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतची सुमारे ४,८०० किलोमीटरची ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’ जोडीने पूर्ण केली, आणि दरवर्षी आषाढीच्या आधी नाशिकहून पंढरपूरला सायकल वारी निघते. या उमेदीचा चौथा हिस्सा जरी पावसाळी गटारांच्या जाळ्यांकडे वळला, तर शहराचे मोठे काम होईल.

थंडी आणि ऊन यांविषयी थोडक्यात सांगता येईल. तापमान ६ अंश असताना ताशी २० किलोमीटर वेगाने जाणाऱ्याच्या उघड्या कातडीला सुमारे २ अंशांइतका गारवा जाणवतो. शरीर दहा मिनिटांत तापते, बोटे तापत नाहीत, म्हणून स्वेटरपेक्षा हातमोजे आणि कानटोपी महत्त्वाची. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी गाठतो, पण हवा कोरडी असल्याने चालत्या सायकलीवर घाम लवकर सुकतो. त्रास होतो तो सिग्नलला उभे राहिल्यावर. वळवाच्या विजांपासून मात्र सायकलीचे रबरी टायर वाचवत नाहीत, त्या वेळी पक्क्या इमारतीत थांबणे हाच उपाय.

पावसातून घरी आल्यावर साखळी कोरड्या फडक्याने पुसून तिला तेलाचे चार थेंब द्यावेत, नाहीतर सकाळपर्यंत ती तांबूस झालेली असते. रस्त्यावरून पाणी वाहत असेल तर उतरून सायकल हाताने पुढे ढकलावी, कारण उघडे चेंबर आधी चाकाला सापडलेले बरे. जोरदार पाऊस म्हणजे हवामान खात्याच्या भाषेत २४ तासांत ६४.५ मिलिमीटर किंवा अधिक, आणि तोही दिवसभरात कधीतरी काही तास पडतो, त्यामुळे अर्धा तास आडोशाला थांबून निघालेला स्वार पुष्कळदा कोरडाच पोहोचतो. पंचवटीतून गोदाघाटाच्या सखल पुलांवरून ये-जा करणाऱ्यांसाठी तर मोजपट्टी नदीच्या पात्रातच उभी आहे. गंगापूर धरणातून विसर्ग वाढून दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागले, की त्या दिवशी सायकल घरी ठेवावी.