चेहरा बदलावासा का वाटतो?

प्लास्टिक सर्जरीचा प्लास्टिक या पदार्थाशी संबंध नाही. ‘आकार देणे’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून हे नाव आले. व्यंग, अपघात किंवा भाजणे यांमुळे बिघडलेला अवयव सुधारणे ही तिची एक शाखा. निरोगी अवयवाचे रूप बदलणारी सौंदर्य शस्त्रक्रिया ही दुसरी. जगात सौंदर्य शस्त्रक्रिया करून घेणाऱ्या दर १०० व्यक्तींमध्ये ८० हून अधिक स्त्रिया असतात. असे का?

याचे उत्तर शोधताना आधी पहिल्या शाखेकडे पाहू. मूळचे पंढरपूरचे, अमेरिकेत स्थायिक झालेले डॉ. शरदकुमार दीक्षित (पद्मश्री, २००१) यांनी भारतात अनेक ठिकाणी मोफत शिबिरे घेतली. औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, चिकलठाणा लायन्स क्लबने अशी शिबिरे वर्षानुवर्षे भरवली. दुभंगलेला ओठ, पडलेली पापणी, चेहऱ्यावरील व्रण यांवर तेथे शस्त्रक्रिया होत.

गर्भाच्या चौथ्या ते सातव्या आठवड्यात ओठाचे भाग सांधले जातात. ते सांधले नाहीत, तर ओठ दुभंगलेला राहतो. यात ग्रहणाचा दोष नाही की आईचा. अशा बाळाला दूध ओढणे जड जाऊ शकते, म्हणून शस्त्रक्रियेची गरज शरीराचीही असते. गालावरच्या जुन्या व्रणाने मात्र शरीराचे सहसा काही अडत नाही. अडते ते लग्न जुळवताना. मुलाचा व्रण खपून जातो. मुलीचा ‘पाहण्याच्या कार्यक्रमात’ नजरेत भरतो.

हीच नजर पुढे निरोगी चेहऱ्यावरही दोष शोधू लागते. जाहिराती आणि मोबाइलवरची गुळगुळीत केलेली छायाचित्रे तिला धार लावतात.

तरीही प्रत्येक निर्णय दबावाचाच असतो, असे आपण म्हणू नये. बाळंतपणानंतर सैल पडलेले पोट किंवा वर्षानुवर्षे स्वतःला खटकणारे नाक बदलून अनेकींना समाधान मिळते. मात्र भूल, रक्तस्राव, जंतुसंसर्ग यांचा धोका येथेही असतो. इतरांना जवळजवळ न दिसणारा दोष काही जणींच्या मनात सतत घोळतो. हा मानसिक विकार आहे. तो शस्त्रक्रियेने सहसा शमत नाही. तेथे मनोविकारतज्ज्ञच हवा.

शस्त्रक्रिया चेहरा बदलते, पाहणाऱ्याची नजर बदलत नाही. ते काम शाळेत होऊ शकते. ‘नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्ने’ ही म्हण आपण शिकवतो; तिचा अर्थ सांगताना एक प्रश्नही विचारावा: ही विघ्ने नाकाने आणली की लोकांनी?