पेन्शन थांबली, हक्क नाही

महाड-पोलादपूरच्या गावांतून पिढ्यानपिढ्या माणसं फौजेत गेली. फौजी आंबवड्याच्या तर नावातच फौज आहे. आमच्या गटातल्या एकीच्या चुलतसासूबाई लेकीकडे दुबईला राहायला गेल्या आणि त्यांची कुटुंब पेन्शन थांबली. फोनवर रडत म्हणाल्या, "जिवंतपणी मेल्यात जमा झाले गं मी!"

कारण एवढंच, की हयातीचा दाखला द्यायचा राहिला होता. तो दरवर्षी द्यावा लागतो, बहुतेकांना नोव्हेंबरात. केंद्राच्या ८० वर्षांवरील पेन्शनरांना १ ऑक्टोबरपासून देता येतो.

परदेशातून दोन वाटा आहेत. पहिली मोबाईलची. 'जीवन प्रमाण' आणि 'आधार फेस आरडी' ही अ‍ॅप घ्यायची आणि चेहरा दाखवायचा. २०२१ पासून ही सोय आहे, अंगठा लागत नाही. आधार, बँक खातं आणि पीपीओ नंबर मात्र हवा. दुसरी वाट कागदाची. भारतीय वकिलातीतल्या अधिकाऱ्यासमोर सही करून दाखला पाठवायचा.

काकींचा पीपीओ गावच्या ट्रंकेत होता. आम्ही शोधून नंबर लेकीला कळवला. दाखला मंजूर झाल्याची खात्री 'स्पर्श'वर केली. पेन्शन सुरू झाली, थकलेले पैसेही आले.

एक सांगतो, दाखल्याच्या नावाखाली फोन करून कुणी ओटीपी मागितला तर देऊ नका. आणि पीपीओची एक प्रत घरात, एक परगावच्या लेकराकडे आजच ठेवा.